तीन दिवसांचं पीठ

पद्मावतीच्या घरात गूळ यायचा, डब्यात भरला जायचा, पावण्यांच्या ताटात पडायचा, पण तिच्या स्वतःच्या जिभेला सहा वर्षांत त्याचा खडा लागला नव्हता. साखरही नाही. कोल्हापुरात राहून गोड सोडणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरालाच विचारावं. कुणाच्या बारशाला गेली की पेढा पदरात बांधून आणायची आणि शेजारच्या पोरांना द्यायची. मंगळवार पेठेतल्या बायका म्हणायच्या, नवरा गेल्यापासून बाईचं मन उडालं, धर्माला लागली. पद्मावती ऐकून घ्यायची. नियम तिनं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भगवंतासमोर हात जोडून घेतला होता, हे खरं. पण ज्या कारणासाठी घेतला ते भगवंताच्या कानावर घालण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं ते मनातसुद्धा हळूच म्हटलं होतं. अण्णा माझ्या दारात पिठाला उभे राहतील, त्या दिवशी गूळ खाईन.

अण्णा म्हणजे अण्णाप्पा, तिचे थोरले दीर. पेठेत त्यांचं धान्याचं दुकान, दुकानामागं गिरणी आणि गिरणीमागं घर. अण्णा गल्ल्यावर बसायचे, पद्मावतीचा नवरा बाळगोंडा गिरणी चालवायचा, आणि अकरा माणसांच्या त्या घराचं रांधणं, धुणं-भांडी, पाणी गाळणं, धान्य निवडणं हे सगळं पद्मावतीच्या अंगावर. बावीस वर्षं ती दुकानात गेली ती फक्त चहाचा ट्रे घेऊन. पण चहा देता देता माणूस आंधळा थोडाच होतो? कुणाच्या घरी किती माणसं, कुणाच्या सुनेची भाकरी चिरते म्हणून ती रोज बोलणी खाते, कुणाचा म्हातारा दातांअभावी फक्त मऊ रोटी खातो, हे सगळं तिला येता-जाता कळत गेलं.

बाळगोंडा एका सकाळी छातीला हात लावून बसला तो उठला नाही. दोन महिन्यांत अण्णांनी गिरणी मोडीत काढली. त्या जागी काचेची कपाटं आणली आणि कंपनीच्या पाकिटांतलं पीठ विकायला ठेवलं. गिरणीत उरलेलं पीठ पोत्यांत पडून होतं, तेही ते नव्या पिशव्यांत भरून गिऱ्हाइकांच्या गळ्यात घालू लागले.

आषाढातली सकाळ होती. धोंडुबाई दुकानात आली होती. तालमीच्या मागं तिची खानावळ, दोन म्हशी, आणि गल्लीच्या या टोकाला बोललं तर त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. अण्णा तिला चाळीस दिवसांपूर्वीचं जोंधळ्याचं पीठ देत होते. पद्मावतीच्या हातात चहा होता. ती नेसरीच्या माहेरात लहानपणापासून एक गोष्ट शिकत आली होती, जी प्रत्येक जैन घरात पोरीला शिकवतात: दळलेलं पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. त्यापुढं त्यात जीव पडतो, ते खाऊ नये, खाऊ घालू नये. मर्यादा म्हणतात त्याला. तिच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, त्या पिठाची मर्यादा कवाच सपली की."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कंपनीचा माणूस होता. अण्णांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तू जा, खरकटं काढ," म्हणाले. "धंदा म्हणजे भांडी घासणं न्हवं."

कंपनीचा माणूस हसला. पद्मावती ट्रे घेऊन आत आली.

त्याच महिन्यात वाटणी झाली. तिच्या वाट्याला मागच्या दोन खोल्या आणि बाळगोंडानं हौसेनं आणलेली घरघंटी आली. चार पंचांसमोर अण्णा म्हणाले, "ही घे तुझी गिरणी. हौस फिटंल." पंच हसले. लेक लग्न होऊन सांगलीला गेलेली, घरात पद्मावती एकटी. त्या दिवशी दूध उतू गेलं आणि पातेलं बुडाशी काळंकुट्ट करपलं. ती काथ्या घेऊन घासायला बसली. बोटं सोलली तरी काळं हलेना. मग तिनं काथ्या खाली ठेवला, पातेल्यात पाणी आणि थोडी राख घातली आणि ते मोरीच्या कोपऱ्यात सरकवलं. करपलेल्या भांड्याशी झटापट करायची नसते. भिजत ठेवायचं असतं. हे तिला वीस वर्षं माहीत होतं. त्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या पातेल्याकडं बघता बघता तिला अण्णांचं तोंड दिसलं, आणि पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

भांडी घासण्याची एक रीत असते. आधी पेला-वाटी, मग ताटं, मग पातेली आणि सगळ्यात शेवटी तेलकट कढई. कढई आधी घेतली तर तिचा तेलकटपणा सगळ्यांना लागतो. पद्मावतीनं अण्णांची गिऱ्हाइकं ह्याच क्रमानं काढली.

आधी पेल्या-वाट्या. म्हणजे एकट्या म्हाताऱ्या, दोन माणसांची घरं, ज्यांना अण्णा गर्दीत ताटकळत ठेवायचे. पद्मावती अंघोळ करून, धुतलं लुगडं नेसून पहाटेचं घरघंटीवर दळायची आणि किती माणसं जेवणारी ते विचारायची. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात हात घालण्याआधी बाई हेच विचारते, दुकानात कुणी विचारत नाही. माणसं मोजून ती पावसाळ्यात तीन दिवसांचंच पीठ द्यायची. जास्त मागितलं तर नाही म्हणायची. कापडी पिशवीवर गिऱ्हाइकाचं नाव शिवलेलं, आत दळल्याच्या तारखेची चिठ्ठी. तीन दिवसांत पीठ उरलं तर परत आणा, ताजं घेऊन जा. परत आलेलं धोंडुबाईच्या म्हशींना जायचं.

अण्णांच्या कानावर गेलं तेव्हा ते गल्ल्यावरून सगळ्यांना सांगायचे, गिऱ्हाईक माघारी धाडणारी दुकानदारीण कुणी बघितली नसंल तर मागच्या गल्लीत जाऊन बघा. लोक खरंच बघायला आले. बघायला आलेल्यांतले निम्मे पिशवी घेऊन गेले.

पहिलं वर्ष तिनं कुणाच्या दारात जाऊन माझ्याकडं या असं म्हटलं नाही. विरजण लावलेलं भांडं सारखं उघडून बघितलं की दही फुटतं. ती फक्त ज्या घरातली सून भाकरीला चिरा पडतात म्हणून बोलणी खात होती, त्या घरी एक पिशवी तशीच देऊन आली. ताज्या पिठाची भाकरी कडेला चिरत नाही, हे काय मोठं गुपित नव्हे. पण त्या सुनेच्या सासूनं पहिल्यांदा सुनेला चांगलं म्हटलं, आणि त्या सासूची भजनी मंडळात सतरा बायकांशी ओळख होती. पद्मावतीला हे माहीत होतं. चहा देताना कळलं होतं.

पुराच्या साली हायवे चार दिवस बंद पडला. पाकिटांची गाडी शिरोलीच्या पलीकडं अडकली. अण्णांची काचेची कपाटं रिकामी, आणि पद्मावतीच्या कणगीत शाळू. त्या चार दिवसांत ताटं आणि पातेली, म्हणजे मोठाली घरं आणि खानावळी, एकदमच तिच्याकडं आली. धोंडुबाई खानावळीसाठी म्हणून आली ती कायमची. पद्मावती दर वेळी एक गिऱ्हाईक वाढलं की मनात अण्णांच्या दुकानातलं एक माणूस कमी करायची. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून उठली की देवापुढं बसायची, जप करायची, आणि जपाच्या मण्यांत मध्येच एखादं गिऱ्हाइकाचं नाव घुसायचं. तिला त्याची लाज वाटायची. मग ती तो मणी पुन्हा म्हणायची.

आता कढई राहिली होती. स्वतः अण्णा.

दरवर्षी भाद्रपदातलं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. अण्णा दरवर्षी बस्तीच्या पायऱ्यांवर तिच्यासमोर हात जोडायचे, काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा असावी, आणि तिचं उत्तर येईपर्यंत पुढच्या माणसाकडं वळलेले असायचे. टपालाच्या शिक्क्यासारखी क्षमा. पद्मावतीही हात जोडायची आणि घरी येऊन फिका चहा प्यायची.

ह्या वर्षी पेठेत चातुर्मासाला माताजी होत्या. वयानं लहान, पण नजर सरळ आत जाणारी. साध्वींच्या आहारासाठी घरोघरी चौका लावतात, म्हणजे शुद्ध सोवळ्यातला स्वयंपाक, आणि घरची माणसं दारात कलश घेऊन उभी राहतात. माताजी कुणाच्या दारात थांबतील ते कुणालाच माहीत नसतं. ज्याच्या दारात थांबल्या त्याचं घर धन्य. ह्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी चौका लावायचं अण्णांनी आदल्या संध्याकाळी ठरवलं आणि भर बस्तीत सगळ्यांना सांगितलं.

आणि घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरात पीठ नाही.

म्हणजे पीठ होतं. काचेच्या कपाटात शंभर पाकिटं होती. पण चौक्याला मर्यादेतलं, सोवळ्यात दळलेलं पीठ लागतं. पाकिटातलं कधी दळलं, कुणी दळलं, कोण जाणे. गिरणी मोडीत गेलेली. घरघंटी वाटणीत हसत हसत देऊन टाकलेली. शेजारच्यांची घरघंटी होती, पण तिथं कांदा-लसणाचा मसाला दळतात. पिठाच्या दुकानदाराला स्वतःच्या दुकानातलं पीठ चालत नव्हतं.

सकाळी सात वाजता अण्णांची सून सोनल पद्मावतीच्या मागच्या दारात आली. सोवळ्यातली, ओल्या केसांची. पोरगी गुणी होती, पद्मावतीला काकी म्हणायची, सासऱ्याची नजर चुकवून पर्वात दोनदा येऊन बसून गेली होती. तिनं काकुळतीनं सगळं सांगितलं आणि डबा पुढं केला.

पद्मावतीनं पहाटेच गहू-जोंधळा दळला होता. पीठ परातीत होतं, अजून कोमट. तिनं डबा घेतला नाही.

"अण्णांना पाठव," ती म्हणाली.

"काकी, ते कसं येतील?"

"चालत."

सोनल गेली. पद्मावती परातीवर फडकं टाकून दारातच उभी राहिली. चौक्याला पीठ नाकारणं म्हणजे आहारात आडकाठी आणणं, आणि त्याचं कर्म कुणाला चिकटतं हे तिला लहानपणापासून पाठ होतं. माताजी दहा वाजता बस्तीतून निघणार. त्याआधी पोळ्या व्हायला हव्यात, म्हणजे नऊच्या आत पीठ पोचायला हवं. ती मनाशी म्हणाली, नऊला पाच कमी असताना मीच नेऊन देतो. तोपर्यंत थांबतो. देवा, तोपर्यंत मला बघू नको.

आठ वाजता नेहमीची रांग लागली. सात-आठ माणसं, सगळी एके काळची अण्णांची गिऱ्हाइकं, पुढं धोंडुबाई. भुरभुर पाऊस होता. सव्वाआठला अण्णा आले. अंगात धूतवस्त्र, पायात काही नाही, हातात पितळी डबा. सोवळ्यात असल्यामुळं त्यांना कुणाला शिवता येईना, आणि रांगेतली माणसं अंग चोरून घ्यायला तयार नव्हती. रांगेला वळसा घालून पुढं येऊन ते म्हणाले, "जरा घाई हाय."

"रांगेतनं यावं," पद्मावती म्हणाली.

पेठेतला मोठा माणूस रांगेच्या शेवटी, भिंतीपासून दोन हात लांब, पावसात उभा राहिला. तिनं घाई केली नाही आणि मुद्दाम उशीरही केला नाही. माणसं विचारली, मापं घातली, चिठ्ठ्या टाकल्या. आपलं पीठ मिळालं तरी एकही माणूस घरी गेलं नाही. धोंडुबाई तर पिशवी कमरेवर घेऊन ओट्यावर बसलीच.

अण्णांची पाळी आली तेव्हा साडेआठ झाले होते. त्यांनी डबा खाली ठेवला, हात जोडले. "उत्तम क्षमा, पद्मावती. वर्षभरात काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा असावी."

पद्मावतीचा हात परातीत होता. तो तिथंच राहिला. "कशाची?"

"म्हंजे?"

"कशाची क्षमा, अण्णा?"

"सगळ्याचीच."

"सगळ्याची न्हाय देत मी. एकाची मागा."

अण्णांनी खरंच आठवून बघितलं. गिरणीचं म्हणाले, वाटणीचं म्हणाले, बाळगोंडाला दवाखान्यात न्यायला उशीर झाल्याचंसुद्धा म्हणाले. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. शेवटी ते हताश होऊन म्हणाले, "मला न्हाय बा आठवत."

पद्मावतीच्या कानात एकदम गरम झालं. सहा वर्षं तिनं ज्या वाक्यावर पोट भरलं, ते वाक्य ह्या माणसाच्या डोक्यात दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. ते नाटक करत असते तर बरं झालं असतं. ते नाटक करत नव्हते.

"मी हुतो की तिथं," धोंडुबाई ओट्यावरून म्हणाली. "चाळीस दिसाचं पीठ माझ्याच गळ्यात घालत हुतासा. ही मर्यादेचं बोलली. तवा तुमी म्हणलासा, खरकटं काढ जा, धंदा म्हंजे भांडी घासणं न्हवं. कंपनीचा मानूस हसला. मीबी हसलो हुतो, पाप लागलं मला. मी मागितली क्षमा हिची, गेल्या साली. नाव घिऊन मागितली."

अण्णांच्या चेहऱ्यावरून पावसाचं पाणी ओघळत होतं. ते आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "असं म्हणालो असंन तर..."

"असंन न्हाय," पद्मावती म्हणाली.

मग अण्णा हळू म्हणाले, "धंदा म्हंजे भांडी घासणं न्हवं, असं म्हणालो. चार माणसांत म्हणालो. त्याची क्षमा कर."

"ऐकू आलं न्हाय," धोंडुबाई म्हणाली.

अण्णांनी पुन्हा म्हटलं. ह्या वेळी गल्लीला ऐकू गेलं.

पद्मावतीनं हात जोडले. "उत्तम क्षमा. माझ्याबी हातनं काय घडलं असंल तर क्षमा असावी." काय घडलं ते तिनं सांगितलं नाही. अण्णांना विचारायचं सुचलं नाही, आणि तिला त्याची खात्री होती.

मग तिनं माप उचललं. "किती माणसं जेवणारी?"

"तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"म्हाईत हाय. तुमच्या तोंडनं पायजे."

"सात. आणि माताजी."

तिनं तीन दिवसांचं पीठ मोजून दिलं. चिमूटभर कमी नाही, चिमूटभर जास्त नाही. अण्णांनी पैसे काढले, ते तिनं घेतले, कारण फुकट दिलं असतं तर ती भेट झाली असती. डबा उचलून अण्णा भरभर निघाले. वस्त्र ओलं होऊन पायात अडकत होतं.

दुपारी सोनल धावतच आली. माताजी आमच्याच दारात थांबल्या, म्हणाली. तीन पोळ्या घेतल्या. आहार झाल्यावर माताजींनी विचारलं, दुकानात पीठ विकता ते घरात खाता का? सासूबाई तर माझ्याकडंच बघायला लागल्या. मग त्या म्हणाल्या, चातुर्मास संपेपर्यंत नियम घ्या, घरात सगळ्यांनी मर्यादेतलंच पीठ खायचं. पीठ कुठलं आणलं म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. तिथलंच आणत जा म्हणाल्या. मामंजींनी हात जोडून नियम घेतला, सगळ्या गल्लीदेखत.

पद्मावतीनं हिशेब केला. पावसाळ्याची मर्यादा कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालते. तिनं सुईत दोरा ओवला आणि एका नव्या कापडी पिशवीवर अण्णाप्पा असं नाव शिवायला घेतलं.

"काकी, मी येऊन नेत जाईन की," सोनल म्हणाली.

"न्हाय गं. पिशवी ज्याच्या नावाची त्यानंच आणायची. नियम हाय माझा."

"कधीपासनं?"

"आजपासनं."

सोनलनं तोंडावर पदर धरला, पण डोळे हसत होते. ती गेल्यावर पद्मावतीनं शिवण पुरी केली, पिशवी घडी घालून खुंटीला लावली, आणि डब्यातून गुळाचा खडा काढला. देवापुढं धरला. आज दिवसच क्षमेचा होता आणि तिच्या मनात क्षमा तेवढी नव्हती. हे पुढच्या वर्षी नाव घेऊन सांगीन, एवढंच ती म्हणाली आणि खडा तोंडात टाकला. चांगला पिवळाधमक, घट्ट गूळ होता. तिनं तो चावला नाही, विरघळू दिला. मग दुसरा घेतला.

तिसऱ्या दिवशी सव्वाआठला अण्णा आले. पाऊस नव्हता, तरी छत्री घेऊन आले होते. धोंडुबाईच्या मागं उभे राहिले. त्यांच्या मागं त्यांच्याच दुकानातलं आणखी एक जुनं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि रामराम म्हणालं. अण्णांनी मान हलवली.

पाळी आली तेव्हा पद्मावतीनं माप परातीत खोचलं आणि वर बघितलं.

"किती माणसं जेवणारी?"